नारंगी कवळी

फायनलचा दिवस असला की आप्पा गवळी आधी म्हशीला अंघोळ घालायचे आणि मग स्वतः करायचे.

दुपारी तीनच्या ठोक्याला तारा म्हैस स्टेडियमच्या मागच्या गेटवर उभी. शिंगांना तेल, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळावर गुलालाचा पट्टा. शिंगणकर हायस्कूलची पोरं जर्सी घालून रांगेत. आप्पा उकिडवे बसायचे आणि धार थेट स्टीलच्या ग्लासात सोडायचे. वर चार बोटं फेस. कोल्हापुरात लोक धारोष्ण दूध प्यायला म्हशी उभ्या असतात त्या कट्ट्यावर जातात. इथं कट्टाच पोरांकडे चालत यायचा. एकवीस वर्षांची रीत होती, आणि ती फक्त फायनलची. सेमीफायनलला कुणी मागितलं तर आप्पा म्हणायचे, "आधी फायनलला जावा, मग तोंड उघडा."

"डोळं मिटायचं आणि एका दमात!" आप्पा ओरडत होते. "फुंकायचं न्हाई. चहा न्हवं त्यो."

उमेश चौगुले बाजूला उभा राहून पोरं मोजत होता. शाळेचा पीटी शिक्षक, टीमचा कोच, वय छत्तीस. सोळा पोरांपैकी पंधरा दिसत होती. निहाल, राखीव गोली, अजून आला नव्हता. त्याची सायकल पंक्चर झाली होती म्हणे. फायनलच्या दिवशीच बरी होते.

रांगेत शेवटून दुसरा संग्राम, आप्पांचा एकुलता एक. सीझनला बारा गोल. त्याचा नंबर आला तसा आप्पांचा आवाज चढला.

"बघा रं, ह्यो माझा संग्राम! लोक इचारत्यात, पोरगं एवढं पळतंय कसं? म्हटलं, पायात तारेचं दूध हाय. जलमल्यापासनं पितंय!"

गेटवरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. संग्रामनं ग्लास घेतला, बोटानं थोडा फेस वरच्या ओठाला लावला आणि गर्दीकडे बघून हसला. पांढरी मिशी. मग तो मोहसीनच्या पाठीमागे सरकला. मोहसीन शिकलगार म्हणजे टीमचा सेंटर बॅक, सोळाव्या वर्षीच दाराएवढा रुंद. दोन सेकंदांत ग्लास बदलले. मोहसीननं आपला एक आणि संग्रामचा एक, असे दोन रिकामे केले आणि ढेकर दिली.

उमेशला हे माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याच्या शिबिरात संग्राम दुधाच्या वासानं ओकला होता, तेव्हा त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "सर, रोज सकाळी गोठा काढतो. त्या वासानंच पोटात ढवळतंय. पण आप्पांना सांगू नका. त्यांचं सगळं बोलणं त्या दुधावर चालतंय." उमेश तेव्हा हसला होता. गवळ्याचं पोर आणि दुधाला शिवत नाही. त्यात कुणाचं काय बिघडत होतं?

*

आता त्या कवळीचं सांगायला पाहिजे.

फुटबॉलचे नियम सतरा. जगात कुठंही जा, सतराच. पण दोन हजार अडतीस साली शाळांच्या स्पर्धांना अठरावा नियम लागला. शाळेच्या सामन्यात प्रत्येक खेळाडूनं दातांवर एक पारदर्शक खोळ बसवायची. तिचं खरं नाव लांबलचक होतं. पहिल्या दिवशी पोरांनी ती लावली, एकमेकांकडे बघितलं आणि मोहसीन म्हणाला, "आयला, माझ्या आजोबांची कवळी!" झालं. त्या दिवसापासून कोल्हापूरभर तिचं नाव कवळी.

कवळीचं काम साधं. डोक्याला जोरात धक्का बसला की मेंदूच्या पेशी हादरतात. त्यांच्यातले क्षार इकडचे तिकडे होतात. ते जागेवर आणायला पेशींना जास्त साखर लागते, आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणजे खर्च दुप्पट आणि आवक निम्मी. हे आठ-दहा दिवस चालतं, पोरांमध्ये कधी त्याहून जास्त. पोरगं बाहेरून ठणठणीत दिसतं. पळतं, हसतं, गोल मारतं. पण तेवढ्या दिवसांत दुसरा धक्का बसला, अगदी साधा जरी, तरी मेंदू सुजू शकतो. मग कधीकधी मैदानावरून पोरगं उठतच नाही.

हे बाहेरून दिसायचं कसं? तर हादरलेल्या पेशी चिठ्ठ्या पाठवतात. आरएनएचे बारीक तुकडे, बावीस-बावीस अक्षरांचे. त्यातले काही लाळेत येतात. कवळी अशा पाच चिठ्ठ्या वाचते आणि एक आकडा देते. तीसच्या आत असला की हिरवा दिवा. तीसच्या वर गेला की कवळीच नारंगी होते, आणि त्या कवळीला चोवीस तास कुलूप, तोवर परत तपासणी नाही. नारंगी म्हणजे मैदानाबाहेर, चौदा दिवस.

पहिल्या महिन्यात सगळ्यांनी शिव्या घातल्या. मग एका तालुक्याच्या सामन्यात हसत-खेळत असलेल्या एका पोराची कवळी नारंगी झाली, आणि दवाखान्यात नेल्यावर डोक्यात खरंच सूज निघाली. ते वाचलं. त्यानंतर शिव्या कमी झाल्या. पण बंद नाही झाल्या.

उमेशनं मात्र एक शहाणपणा केला होता. नियम सामन्यापुरता होता, सरावाला सक्ती नव्हती. फायनलच्या आधीच्या आठवड्यात त्यानं पोरांना सांगितलं, "सरावाला कवळ्या नकोत. उगाच काहीतरी दाखवायच्या आणि आपण बसायचो बोंबलत."

हे वाक्य त्याला पुढं लई महाग पडणार होतं.

*

सामना चारला. साडेतीनला कवळ्यांची तपासणी.

सुरक्षा पंच म्हणून डॉक्टर नीलांबरी हुक्केरी आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, पायात बूट, हातात टॅब. आधी डोंगरे विद्यालयाची सोळा पोरं आली. सगळ्यांचे दिवे हिरवे. मग शिंगणकरची रांग लागली.

पहिला कॅप्टन. कवळी लावली, दहा सेकंद गेले. नारंगी.

"बाजूला हो," मॅडम म्हणाल्या. "धडक बसलेली का कुठं?"

"न्हाई मॅडम!"

दुसरा. नारंगी. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे नारंगी. आठव्याला मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर शिंगणकरच्या नावांपुढं दिवाळीसारखे दिवे लागले, आणि डोंगरेच्या बाजूच्या गॅलरीतून कोण तरी ओरडलं, "अरे, टीम हाय का संत्र्याची पाटी!"

पंधरा पोरं, पंधरा नारंगी. धापा टाकत शेवटी आलेला निहाल तेवढा हिरवा.

शाळेचे चेअरमन साळोखे खाली धावत आले. "ह्ये यंत्र उचला आणि पंचगंगेत टाका! पंधरा पोरांची डोकी एकदम फुटली व्हय?"

"नियम नियम आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "एक खेळाडू उरतो. पाच वाजेपर्यंत मार्ग निघाला नाही तर सामना डोंगरेला."

"तुम्हाला फुटबॉल म्हणजे काय म्हाईत हाय काय?"

"मी गडहिंग्लजची आहे साहेब. आमच्याकडे बाळाला पाचवीला बॉल दाखवतात. आकड्यांचं बोला."

उमेशचं या भांडणात लक्ष नव्हतं. तो पडद्याकडे बघत होता. अडतीस, एकेचाळीस, छत्तीस, चव्वेचाळीस. सगळे एकमेकांच्या आसपास. फक्त मोहसीनचा एकोणऐंशी. आणि निहालचा चार. मोहसीन आणि निहालमध्ये फरक काय? एकाचं वजन दुसऱ्याच्या दुप्पट, ते सोडा. आज काय वेगळं झालं? निहाल उशिरा आला. म्हणजे काय हुकलं त्याचं? जर्सी मिळाली, वॉर्मअप मिळाला...

"मॅडम," तो एकदम म्हणाला, "तुमच्याकडे नवी कवळी आहे का? कोरी?"

"आहे. का?"

"चला माझ्याबरोबर."

*

तारा गेटवर रवंथ करत होती. आत काय चाललंय हे अजून आप्पांपर्यंत पोचलं नव्हतं. चरवीत थोडं दूध उरलं होतं.

मॅडमनी आधी कॅन्टीनमधून पिशवीचं दूध मागवलं. त्यात एक कवळी बुडवली. हिरवी. मग दुसरी कवळी आप्पांच्या चरवीत. सात सेकंदांत नारंगी. भडक, टेंभा पेटल्यासारखी.

मॅडमनी दोन्ही कवळ्या उन्हात शेजारी शेजारी धरल्या. मग हसायला लागल्या.

"चौगुले सर, ही कवळी चहावर तपासलीय, केळ्यावर, ग्लुकोजच्या पाण्यावर, गुटख्यावरसुद्धा. दुधावर पण तपासलीय, पण पिशवीच्या. दूध म्हणजे निसर्गानं रेडकाला पाठवलेलं पार्सल. त्यात पण ह्याच चिठ्ठ्या असतात, चरबीच्या बारीक फुग्यांत गुंडाळलेल्या. म्हशीच्या आणि माणसाच्या काही चिठ्ठ्या अक्षर न् अक्षर सारख्या असतात. कारखान्यात दूध तापवून घुसळलं की ते फुगे फुटतात, चिठ्ठ्या विरतात. पण तपासणीच्या अर्धा तास आधी सडातनं डायरेक्ट तोंडात..." त्यांनी मान हलवली. "हे जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आलंच नसतं."

"आमचा नादच तसला हाय," आप्पा म्हणाले. त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण तारेचं कौतुक चाललंय एवढं समजलं होतं. "म्हशीनं काय केलं?"

"म्हशीचं दूध लई भारी आहे आप्पा, असं यंत्र म्हणतंय," उमेश म्हणाला.

"त्ये मी एकवीस वर्सं सांगतोय!"

बातमी गॅलरीत पोचायला एक मिनिट लागलं. मग असा आरडाओरडा झाला की डोंगरेची पोरंसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. साळोखे चेअरमन आता त्या यंत्राचे जुने वकील असल्यासारखे बोलत होते. "मी म्हटलंच होतं, यंत्र खोटं बोलत न्हाई, फक्त त्याला म्हस कळली न्हाई."

मॅडमनी टॅब उघडला. "पोटनियम चार. खाण्यापिण्यानं लाळ बिघडली असेल तर कुलूप काढता येतं. पण प्रत्येक खेळाडूमागे कोचची सही लागते. वाचा आणि करा."

उमेशनं वाचलं. "वरील खेळाडूने तपासणीपूर्वी सदर पदार्थ घेतला. हे मी स्वतः पाहिले आहे."

कॅप्टन. सही. कुलूप उघडलं, गॅलरीत जल्लोष. दुसरा. सही. मोहसीन, एकोणऐंशी. उमेशला हसू आलं. दोन ग्लास पिणाऱ्याचा आकडा दुप्पट, हिशोब किती चोख. सही केली.

आणि त्याचं बोट तिथंच थांबलं.

दोन ग्लास मोहसीननं प्यायले. मग संग्राम चव्वेचाळीस कसा?

*

ड्रेसिंग रूमच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी संग्राम बुटाच्या नाड्या बांधत होता. उमेश समोर उभा राहिला.

"आज दूध प्यायलास?"

"व्हय सर. तुमच्या समोरच की."

"संग्राम."

पोरगं नाड्यांकडेच बघत राहिलं. "...मोहसीननं प्यायलं."

"मग डोक्याला काय लागलं? कधी?"

"काही न्हाई सर."

"चव्वेचाळीस आलेत. तुझ्या पोटात दूध नाही, म्हणजे ते आकडे तुझ्याच डोक्यातले आहेत. कधी लागलं?"

संग्रामनं इकडे तिकडे बघितलं. "शुक्रवारी. तुम्ही जर्सी आणायला गेल्तासा. डाइव्ह मारून हेडर घेतला आणि पोलवर आदळलो. थोडा वेळ नुसतं पांढरं दिसलं. मग बसलो, उठलो, झालं. काल थोडं दुखत होतं. आज एकदम क्लिअर आहे सर, शप्पथ. मोहसीनला म्हाईत हाय. त्यालाच म्हटलं, सांगू नको."

शुक्रवारी. सरावाला कवळ्या नकोत म्हटलं होतं कुणी?

"सर," संग्राम भराभर बोलायला लागला, "गोव्याच्या अकादमीचा माणूस वर बसलाय. मला बघायलाच आलाय. तुम्हीच बोलावलंय त्याला. सगळ्यांना वाटतंय की दूधच हाय. मॅडमना पण वाटतंय. एक सही. सत्तर मिनिटांचा तर सामना. हेडर घेणार न्हाई, आईशप्पथ. आणि मला बसवलं तर सगळी इचारणार, हा एकटाच का? मग आप्पांना कळणार." त्यानं गेटच्या दिशेनं बघितलं. "सगळ्या पेठेसमोर कळणार."

उमेश टाकीच्या कठड्यावर बसला.

"तालमीत माझा फोटो आहे, बघितलास?"

"पेनल्टी अडवलेला? रोज बघतोय."

"मी सतरा वर्षांचा होतो. फायनल. विसाव्या मिनिटाला समोरच्याचा गुडघा कानाजवळ बसला. पाणी मारलं तोंडावर, उठवलं, परत उभा केला. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली. लोकांनी खांद्यावर घेतलं, पार महाद्वारापर्यंत मिरवणूक निघाली म्हणे."

"म्हणे?"

"मला आठवत नाही. सकाळी पोहे खाल्ले ते आठवतंय. त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई उशाला बसलेली आठवते. मधलं कोरं. एकोणीस वर्षं झाली, लोक मला माझीच मॅच सांगतात आणि मी माना डोलावतो. पुढं वर्षभर पुस्तक उघडलं की ओळी हलायच्या. बारावी राहिली. मी तर स्वस्तात सुटलो."

संग्राम नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"फायनल परत येते रे. तू सोळाचा आहेस, अजून दहा फायनली खेळशील. पण त्या सगळ्या तुला आठवायला पाहिजेत."

"आणि आप्पा?"

"आप्पांना मी सांगतो. तू आधी मॅडमकडे चल. आणि चूक तुझ्या एकट्याची नाही. सरावाला कवळ्या काढायला मी लावल्या. ते पण मी सांगणार, सगळ्यांसमोर."

मॅडमनी संग्रामला खुर्चीवर बसवलं, बोटामागे डोळे फिरवायला लावले. मग म्हणाल्या, "डिसेंबरपासून महिने उलटे म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." संग्राम थांबला. "ऑगस्ट... ऑक्टोबर..." त्यानं उमेशकडे बघितलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. वर्गात पहिल्या पाचात असणारं पोरगं सप्टेंबर शोधत होतं.

मॅडमनी टॅब पुढं केला. चौदा नावांपुढं सही. पंधराव्या नावापुढं उमेशनं लिहिलं, "दूध प्यायलेला नाही. मी स्वतः पाहिलं आहे."

*

आप्पा गेटवर ताराला पेंड घालत होते. उमेशनं सरळच सांगितलं, फिरवून बोलायचं त्याला जमत नव्हतं.

आप्पांनी ऐकून घेतलं. आधी डोक्याचं विचारलं. "लई लागलंय?"

"आता दवाखान्यात नेतायत. मॅडमनी तिथं फोन केलाय, तुम्ही पण जावा बरोबर. बसला म्हणूनच वाचला, एवढं नक्की."

आप्पांनी पेंडीचं घमेलं खाली ठेवलं. मग दुसरं विचारलं.

"म्हणजे कधीच पीत नव्हता?"

"शिबिरात मला कळलं. दोन वर्षं झाली."

"दोन वर्सं तुम्हाला म्हाईत. मोहसीनला म्हाईत. तारेला सुदिक म्हाईत असणार." आप्पांनी फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं. "फक्त मीच गावभर बोंबलत हुतो."

"आप्पा, तो तुमच्यासाठी..."

"ऱ्हाऊ द्या सर. रिक्षा बोलवा."

संग्राम बाहेर आला. रिक्षात बसताना आप्पांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवला, अंडं धरावं तसा, आणि तो तिथंच ठेवून रिक्षा गेली. तारा गेटवर एकटीच. शेवटी एका पोलीसदादानं तिचा कासरा धरला.

सामना साडेचारला सुरू झाला. त्याआधी उमेशनं माइक मागितला आणि जे होतं ते सांगितलं. संग्राम जखमी आहे, तो खेळणार नाही. आणि सरावात कवळ्या काढायला मी लावल्या, चूक माझी. गॅलरीतून दोन पाण्याच्या बाटल्या आल्या. एक लागली पण.

शिंगणकरची पोरं जीव काढून खेळली. पूर्वार्धात कॅप्टननं लांबून एक मारला, तो आत गेला आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. उत्तरार्धात डोंगरेनं बरोबरी केली. संपायला चार मिनिटं असताना त्यांनी दुसरा मारला. दोन-एक. शिंगणकर हरलं.

बाहेर पडताना एक म्हातारा उमेशच्या अंगावर आला. "संग्राम असता तर पाच घातले असते!"

"असते," उमेश म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं, मान खाली घालावीशी वाटत नव्हती. "पुढच्या वर्षी घालेल. हायच की तो."

*

दवाखान्याच्या फोटोत सूज निघाली नाही. पण दुसऱ्या दिवशी चौदा पोरांनी स्वच्छ चुळा भरून कवळ्या लावल्या, तेव्हा त्यांचे आकडे तीन, पाच, चार असे आले. संग्रामचा एकेचाळीस. त्याच्यात म्हशीचा काही संबंध नव्हता. तो बाराव्या दिवशी सहावर आला.

मॅडमनी सगळं लिहून वर पाठवलं. पुढच्या महिन्यात कवळीच्या डबीतल्या कागदावर चौदा भाषांत एक नवी ओळ छापून आली, "तपासणीच्या दोन तास आधी न तापवलेलं दूध पिऊ नये." साळोखे चेअरमननी तो कागद फ्रेम करून शाळेच्या ऑफिसात लावला. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "हे कोल्हापूरमुळे." शिवाय उमेशनं आपला एक नियम केला, सराव असो नाहीतर गल्लीच्या तिठ्यावरचा खेळ, कवळीशिवाय बॉलला पाय लावायचा नाही. आणि गोव्याच्या माणसाचा फोन आला, की ज्या पोराला कोच फायनलला बसवतो त्याला बघायला मी परत येणार, तो बरा होऊ दे.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी सगळी टीम कट्ट्यावर जमली. सामना नव्हता, त्यामुळे दूध प्यायला हरकत नव्हती. आप्पा धार काढत होते. फायनलपासून त्यांनी बढाई मारली नव्हती, आणि कट्ट्यावरच्या लोकांना करमत नव्हतं.

मोहसीनचा नंबर आला. आप्पांनी एक ग्लास दिला. मग दुसरा भरला आणि तोही त्याच्यापुढं धरला.

"आप्पा, मी एकच..."

"धर गुमान! आठवीपासनं दोन पितोस माझ्या जिवावर. उगाच न्हाई म्हशीएवढा झालास." कट्टा हसून लोळला. "आता चोरून पिऊ नको, उघड्यावर पी."

मग त्यांनी चरवी बाजूला ठेवली, कट्ट्यामागून लिंबू सोड्याची बाटली काढली, बर्फात गार केलेली, आणि संग्रामकडे न बघताच पुढं केली.

"घे. आणि उद्यापासनं गोठ्यात यायचं न्हाई. वासानं वकारी येती आणि गप बसतंय येडं." ते गर्दीकडे वळले. आवाज हळूहळू चढायला लागला. "ह्यो माझा संग्राम! लोक इचारत्यात, पोरगं एवढं पळतंय कसं? दुधाचा थेंब न्हाई पोटात, तरी बारा गोल! म्हणजे पोरातच किती दम असल बघा!"

शिट्ट्या झाल्या. संग्रामनं एका दमात बाटली संपवली आणि उमेशच्या शेजारी येऊन बसला.

त्या दिवशी दवाखान्यात मोबाइलवर त्यानं सगळा सामना बघितला होता, पडदा बघू नको म्हणून नर्सबाई दोनदा ओरडल्या तरी उशीखाली धरून. सामना संपला तेव्हा रडला होता, हे आप्पांनी सांगितलं होतं.

"सांग बघू," उमेश म्हणाला. "सहासष्टाव्या मिनिटाला काय झालं?"

"आपला थ्रो होता. मोहसीननं मागं दिला, तो तोकडा पडला, त्यांच्या सात नंबरनं उचलला. कॅप्टन डावीकडे होता, त्याचं लक्ष रेफ्रीकडे. गोल झाल्यावर त्यांच्या एकानं जर्सी काढली, त्याला पिवळं कार्ड. तुम्ही बाटली उचलून डस्टबिनमध्ये टाकली. आणि सर, खरं सांगू?"

"सांग की."

"साठाव्या मिनिटाला तुम्ही चुकीचा माणूस बदललासा. सात नंबरला धरणारा तोच होता. म्हणून हरलो आपण."

मोहसीन दुसऱ्या ग्लासात फिस्सकन हसला. उमेशनं संग्रामच्या खांद्यावर हात टाकला.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्या मिनिटापासून."